उंचसखल हिरवळीवरचे थॅच काढणारे दंताळे कसे घडवावे

गोव्यात घरापुढे हिरवळ लावणाऱ्या माणसाला सपाट जमीन क्वचितच मिळते. पर्वरीसारख्या पठारावर जांभ्या दगडावर मातीची जेमतेम भर घातलेली असते आणि ती पावसागणिक कुठे बसते, कुठे वाहून जाते. फोंडा, साखळी या बाजूंना उतारावर चिऱ्यांचे बांध घालून अंगण काढलेले असते. किनाऱ्यालगतच्या भाटात माडांची मुळे आणि हलती वाळू जमिनीला एका पातळीत राहू देत नाहीत. अशा जागी काही वर्षे जुने झालेले गवत चालताना पायाखाली दबू लागते, पाणी घातले तरी खालची माती कोरडी राहते, आणि मग कोणीतरी सांगते की थॅच साचले आहे, दंताळे मारा. बाजारात मिळणारे दंताळे आणून ते ओढले, की उंचवट्यांवरचे गवत मुळासकट निघते आणि खळग्यांतल्या थराला दात लागतसुद्धा नाहीत. माळ्याचा हात जड आहे असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात. माझ्या मते दोष बहुतेक वेळा त्या अवजाराच्या रचनेत असतो, आणि तो का असतो हे समजले तर गावातल्या वेल्डिंगच्या दुकानातही त्याहून चांगले दंताळे करून घेता येते.

आधी थॅच म्हणजे नेमके काय, ते पाहू. गवताची हिरवी पाती आणि मातीचा पृष्ठभाग यांच्यामध्ये जिवंत व मृत खोडे, जमिनीवरून सरपटणारे धावते कोंब, मुळे आणि गवताच्या बुंध्यांचे अवशेष यांचा जो गुंतलेला थर साचतो, तो थॅच होय. कापणीनंतर पडून राहणाऱ्या पात्यांमुळे तो वाढतो हा समज फारसा खरा नाही; पात्यांत बहुतांश पाणी असते आणि ती लवकर कुजतात. खोडे व धावते कोंब यांत लिग्निन नावाचा चिवट घटक जास्त असतो, त्याला कुजायला वेळ लागतो. गवत वाढण्याचा वेग कुजण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की थर जाड होऊ लागतो. नत्रयुक्त खताचा मारा, रोज थोडे थोडे पाणी शिंपडण्याची सवय, घट्ट दबलेली माती, गांडुळांना मारणारी कीटकनाशके आणि मातीची आम्लता ही त्याची नेहमीची कारणे आहेत. जांभ्यापासून झालेली आपली लाल माती मुळातच आम्लधर्मी असल्यामुळे कुजवणारे सूक्ष्मजीव तिच्यात काहीसे मंदपणे काम करतात.

सुमारे १२ मिलिमीटरपर्यंतचा थर गवताला उपयोगीच असतो. तो मातीतला ओलावा टिकवतो, ऊन अडवतो आणि पायाचा भार पसरवतो. त्यापुढे तो जाड झाला की वाळल्यावर पाणी आत जाऊ देत नाही, मुळे मातीत उतरण्याऐवजी थरातच पसरतात आणि बुरशी व किडी यांना आसरा मिळतो. म्हणून दंताळ्याला हात लावण्याआधी तीन-चार ठिकाणी धारदार कोयत्याने हिरवळीचा पाचरीसारखा तुकडा कापून काढावा आणि मातीच्या वरचा तपकिरी थर पट्टीने मोजावा. एक माप उंचवट्यावर आणि एक खळग्यात घेतले पाहिजे. उंचवट्यावर कापणीयंत्राचे पाते गवत खरवडते आणि खळग्यात ओल टिकून राहते, त्यामुळे दोन्हीकडे थराची जाडी बहुधा वेगळी निघते. थर या १२ मिलिमीटरच्या आत असेल, तर दंताळ्याची गरजच नाही. पुढचे वाचन तेव्हा केवळ कुतूहलापोटी करावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. थॅच काढणाऱ्या दंताळ्याला पाने गोळा करण्याच्या झाडणीसारखे लवचीक दात नसतात. त्याला चंद्रकोरीच्या आकाराची, कडक, पातळ पाती असतात. ती थरात उभी शिरतात, गुंता फाडतात आणि ओढताना वर आणतात. साधारण ४० सेंटिमीटर रुंदीच्या एका सरळ, कडक पट्टीवर अशी १५-१६ पाती बसवलेली असतात. सपाट मैदानावर ही रचना निर्दोष आहे. जमीन वाकडी झाली, की अडचण भूमितीतून येते.

गोलसर खळग्यावर सरळ पट्टी टेकवली, तर तिची दोन टोके जमिनीला लागतात आणि मधोमध पोकळी राहते. या पोकळीची खोली काढण्याचे सूत्र सोपे आहे: पट्टीच्या रुंदीचा वर्ग करावा आणि त्याला जमिनीच्या वळणाच्या त्रिज्येच्या आठपटीने भागावे. वळणाची त्रिज्या २ मीटर असेल, म्हणजे डोळ्यांना जेमतेम जाणवणारा सौम्य खळगा असेल, तर ४० सेंटिमीटर पट्टीखाली मधोमध १० मिलिमीटर पोकळी राहते. काढायचा थर १५-२० मिलिमीटरचा असताना ही चूक निम्मी किंवा त्याहून मोठी आहे. मधले दात थराच्या माथ्यावरून घसरतात, तर टोकाचे दात मातीत रुततात. उंचवट्यावर हेच उलटे होते. माडाच्या मुळाजवळचा किंवा बसलेल्या वारुळाचा उंचवटा घेतला, तर त्रिज्या अर्ध्या मीटरवर येते आणि फरक तब्बल ४० मिलिमीटरचा होतो.

या सूत्रात रुंदीचा वर्ग येतो, आणि सगळी मेख त्यातच आहे. रुंदी निम्मी केली की पोकळी एक-चतुर्थांश होते. २ मीटर त्रिज्येच्या त्याच खळग्यावर २० सेंटिमीटरची पट्टी ठेवली, तर मधली पोकळी अडीच मिलिमीटर भरते, आणि तेवढी चूक कोणतीही हिरवळ सहन करते. म्हणून उंचसखल जमिनीसाठी पहिली आणि सर्वांत स्वस्त सुधारणा म्हणजे अरुंद दंताळे. काम दुप्पट वेळ चालेल हे खरे, पण अंगण मोठे नसेल तर यापुढचे काहीही करण्याची गरज पडणार नाही. मोठ्या हिरवळीसाठी, शाळेच्या पटांगणाच्या कडेसाठी किंवा किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या बागेसाठी मात्र पूर्ण रुंदी हवी असते, आणि तिथे विचार पुढे न्यावा लागतो.

भूमितीबरोबर बलाचाही हिशेब बिघडतो. समजा, माणूस दंताळे १२ किलो वजनाइतक्या जोराने ओढतो आहे आणि सोळाही दात थरात आहेत. तेव्हा प्रत्येक दाताच्या वाट्याला पाऊण किलो जोर येतो. उंचवट्यावर चारच दात टेकले, तर त्याच ओढीत प्रत्येकी तीन किलो येतात. पाऊण किलोला सैल गुंता सुटतो आणि मुळे धरलेला कोंब तग धरतो. तीन किलोला तोही उपटला जातो. उंचवट्यावर टक्कल पडते ते खोलीमुळे आणि या एकवटलेल्या जोरामुळे, दोन्ही कारणांनी. त्यात एका टोकाचा दात दगडाला अडकला की संपूर्ण पट्टी त्या टोकाभोवती फिरू पाहते आणि मनगटाला झटका बसतो. पट्टी जितकी रुंद, तितका हा झटका मोठा. जांभ्याच्या खड्यांनी भरलेल्या मुरमाड मातीत असे झटके सतत बसतात, म्हणून दांडा आणि पट्टी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना तिरप्या आधारसळ्या देणे आवश्यक आहे.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे दात मऊ करणे. स्प्रिंगच्या तारेचे दात लावले की उंचवट्यावरचे दात मागे वाकतील आणि बाकीचे खाली पोहोचतील, असा तो विचार. तारेचा ताठरपणा तिच्या जाडीच्या चौथ्या घातानुसार वाढतो आणि लांबीच्या घनानुसार कमी होतो, त्यामुळे इथे मापांतला किरकोळ फरकही फार मोठा ठरतो. १५ सेंटिमीटर लांबीच्या ३ मिलिमीटर जाड पोलादी तारेच्या टोकावर एक किलोचा जोर दिला तर ते सुमारे १४ मिलिमीटर वाकते. तीच तार ४ मिलिमीटर जाड घेतली तर साडेचार मिलिमीटरच्या आसपास, आणि शिवाय लांबी १० सेंटिमीटर केली तर सव्वा मिलिमीटरच्या जवळपास. वाकणे आणि टोक वर उचलले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात ठेवावे. दात उभा असेल तर तो मागे वाकतो आणि टोक फारसे वर येत नाही. ४५ अंशांत तिरपा असेल तर वाकण्याच्या सुमारे सात-दशांश इतके टोक वर येते. वाळले गवत गोळा करणाऱ्या यंत्रांत लांब, तिरपे, मुळाशी गुंडाळी असलेले स्प्रिंगचे दात असतात ते याच कारणाने.

परंतु गवत गोळा करणे आणि थॅच फाडणे यांत मोठा फरक आहे. स्प्रिंग फक्त विरोध ओळखते. तो विरोध जमिनीच्या उंचवट्याचा आहे की जाड झालेल्या थराचा, हे तिला कळण्याचा मार्ग नाही. परिणामी जिथे थर सर्वांत चिवट, तिथेच दात मागे हटतो. खळग्यात, जिथे काम सर्वांत जास्त आहे, तिथे तो माथ्यावरून निसटतो आणि ताण सुटताच उडी मारून पुढच्या मऊ जागी खोल शिरतो. पातळ थरासाठी किंवा फाडलेला कचरा गोळा करण्यासाठी स्प्रिंगचे दात उत्तम. मुख्य कामासाठी मी ते सुचवणार नाही.

तेव्हा दात कडकच ठेवावे लागतील, आणि तो दात किती खोल जावा हे त्याच्या अगदी शेजारच्या जमिनीने ठरवले पाहिजे. सरळ पट्टीत हा निर्णय ३०-४० सेंटिमीटर दूरचा उंचवटा घेतो, खरी गफलत ती आहे. शेजारच्या जमिनीचे ऐकवायचे तर दोन गोष्टी लागतात: पट्टीचे लहान, स्वतंत्रपणे डोलणारे तुकडे आणि प्रत्येक तुकड्याला खोली बांधून देणारे टेकण.

तुकड्यांची गोष्ट आधी. दोन दातांमध्ये २५ मिलिमीटर अंतर धरले, तर चार दातांचा एक गट साडेसात सेंटिमीटर रुंद होतो. अर्धा मीटर त्रिज्येच्या त्या कठीण उंचवट्यावरही अशा गटातली चूक दीड मिलिमीटरपेक्षा कमी भरते. सबंध पट्टीची ४० मिलिमीटर होती. असे चार गट केले की दंताळ्याची मूळ रुंदी कायम राहते. प्रत्येक गट मधोमध एका खिळीवर टांगायचा, आणि ती खीळ ओढण्याच्या दिशेला समांतर ठेवायची, म्हणजे गट डावी-उजवीकडे कलू शकेल, पण पुढे-मागे गडगडणार नाही. डावीकडचे दोन गट एका आडव्या दांडीच्या दोन टोकांना, उजवीकडचे दोन दुसऱ्या दांडीच्या टोकांना; आणि या दोन दांड्या एका मुख्य दांडीच्या टोकांना, जिच्या मध्यावर दांड्याचा जोड असतो. प्रत्येक ठिकाणी खीळ बरोबर मध्यावर असली, की तराजूच्या दांडीप्रमाणे भार दोन्ही बाजूंना आपोआप सारखा वाटला जातो: एक गट उंचवट्यावर चढला तर त्याचा जोडीदार तेवढाच खाली उतरतो आणि सोळाही दातांना कामाचा वाटा मिळत राहतो. मंगळावर १९९७ साली उतरलेल्या सोजर्नर गाडीची चाके आणि तिच्या नंतरच्या गाड्यांची चाके ज्या डोलत्या भुजांवर बसवलेली आहेत, त्यांच्यामागेही भार वाटून घेण्याचे हेच तत्त्व आहे. तिथे हेतू खडकांवरून उलटू नये हा होता, इथे गवत उपटू नये हा आहे.

या रचनेत दोन बारकावे आहेत, आणि ते चुकले तर सगळा खटाटोप व्यर्थ जातो. पहिला, खीळ शक्य तितकी जमिनीजवळ हवी. दातांच्या टोकांपासून चार-पाच सेंटिमीटर वर असली तर चांगले. उतारावर आडवे काम करताना दातांवर बाजूनेही जोर येतो, आणि खीळ उंच असेल तर तो जोर गटाला आडवा पाडतो. दुसरा, डोलण्याला मर्यादा हवी. गटाला दोन्हीकडे २० अंश मोकळीक दिली की त्याच्या दोन टोकांत सुमारे २५ मिलिमीटरचा फरक सामावतो, आणि मोठ्या दांडीला १५ अंश पुरतात. त्यापुढे एखादा अडथळा वेल्ड करून हालचाल रोखावी, नाहीतर दंताळे उचलताच गट लोंबकळतात आणि पुन्हा ठेवताना वाकडे बसतात. चारच्या जागी आठ गट करावेत का, असा मोह होईल, तो आवरावा. खिळा वाढल्या की ढिलेपणा वाढतो, प्रत्येक फटीत माती शिरते आणि वजन अकारण चढते.

आता टेकण. गटाच्या दोन्ही अंगांना अंगठ्याइतक्या रुंद, पुढे-मागे वर वळलेल्या गुळगुळीत पोलादी पट्ट्या लावायच्या, त्या गवतावरून घसरत जातात. दात या पट्ट्यांच्या खाली किती बाहेर आले आहेत, त्यावरून खोली ठरते. लांबट भोके व बोल्ट वापरून हे अंतर १० ते २५ मिलिमीटरच्या दरम्यान बदलता आले पाहिजे. दात मातीच्या पृष्ठभागाला जेमतेम स्पर्श करतील इतपत खोली ठेवावी. माती उकरणे हे दंताळ्याचे काम नाही. टेकण दातांच्या कोणत्या बाजूला लावावे, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तसा नाही. दंताळे लांबून जवळ ओढताना दांडा उत्तरोत्तर उभा होत जातो. दांड्याला पट्टी घट्ट जोडलेली असल्यामुळे दातांची टोके माणसाकडे वळतात आणि ओढीच्या शेवटी ती जास्त खोल शिरू लागतात. आपल्या पायाजवळच दंताळे रुतते ते यामुळे. टेकण दातांच्या पाठीमागे, म्हणजे माणसापासून दूरच्या बाजूला असेल, तर दांडा उभा होताना ते खाली दाबले जाते आणि दातांना वर उचलून धरते. शिवाय दातांपुढे गोळा होणारा कचरा त्याच्याखाली सापडत नाही. काही जण टेकणाऐवजी चाके लावतात. ओल्या गवतात लहान चाकांभोवती धावते कोंब गुंडाळले जातात, म्हणून मला घसरती पट्टी अधिक भरवशाची वाटते.

दातांच्या आकारात फार नवे काही करण्याजोगे नाही. टोक ओढण्याच्या दिशेला १०-१५ अंश झुकलेले असावे. याचे कारण असे, की आपण दांडा वर धरून ओढतो, म्हणून आपल्या ओढीचा काही भाग दंताळ्याला जमिनीवरून उचलत असतो. हात एक मीटर उंचीवर आणि दांडा दीड मीटरचा असेल, तर दांडा जमिनीशी सुमारे ४२ अंशांचा कोन करतो आणि १२ किलो ओढीतले ८ किलो वर उचलण्यात जातात. दांडा १ मीटर ८० सेंटिमीटरचा केला की कोन ३४ अंशांवर येतो आणि उचलणारा भाग पावणेसात किलोंच्या आसपास राहतो. दंताळ्याचे वजन तीन किलो धरले, तरी ते एकटे त्याला खाली धरू शकत नाही. झुकलेला दात स्वतःला थरात ओढून घेतो म्हणून काम होते. झुकाव फार वाढवला की दंताळे एका जागी अडते. पावसाळ्यानंतरच्या ओलसर मातीत कमी आणि कोरड्या मातीत थोडा जास्त झुकाव लागतो, तेव्हा मुख्य जोडावर हाताने फिरवता येणारा नट देऊन हा कोन बदलता येईल अशी सोय करावी. दाताची पुढची कड पातळ असावी, मात्र सुरीसारखी धारदार नको. धारदार कड मेलेला आणि जिवंत कोंब सारख्याच निष्ठेने कापते. दाताची पाठ चंद्रकोरीसारखी गोलाईची ठेवली की दंताळे पुढे ढकलताना अडकलेला कचरा आपसूक सुटतो.

दाट गुंत्यात २५ मिलिमीटर अंतरही चोंदते. अशा वेळी एका गटातले दात एका ओळीत न लावता आलटून पालटून दोन ओळींत लावावेत. प्रत्येक ओळीत अंतर ५० मिलिमीटर होते, कचऱ्याला वाट मिळते आणि जमिनीवर उमटणाऱ्या रेघा मात्र २५ मिलिमीटरवरच राहतात.

साहित्याच्या बाबतीत गोव्याची हवा निर्णायक आहे. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस आणि किनाऱ्यावरची खारी हवा यांत साध्या लोखंडाच्या खिळा एका पावसाळ्यात जाम होतात, आणि डोलणारा गट जाम झाला की तो पुन्हा सरळ पट्टीच झाला. खिळांसाठी ८ मिलिमीटरचे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आणि नायलॉनचे बुश, म्हणजे बोल्टभोवती बसणाऱ्या नळ्या, वापरावेत. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचे पोलाद मागावे, कारण त्यातले मॉलिब्डेनम मिठापासून होणारा गंज रोखण्यास मदत करते. ग्रीस लावू नये, तिला लाल मातीचे कण चिकटतात आणि तिचीच घासपावडर होते. दातांसाठी जुन्या गाडीच्या पाट्याचे पोलाद चांगले. कोयते घडवणाऱ्या लोहाराला ते ठोकून पातळ करणे, तापवून तेलात बुडवणे आणि पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा घालवणे ही कामे सांगावी लागत नाहीत. दात वेल्ड करू नयेत, बोल्टने बसवावेत. वेल्डिंगच्या आचेने पोलादाचे पाणी उतरते, आणि दगडावर मोडलेला दात बदलायलाही बोल्ट बरा. सांगाड्यावर जस्ताचा मुलामा द्यायचा असेल तर तो सगळे वेल्डिंग झाल्यावर द्यावा, कारण मुलामा दिलेले लोखंड वेल्ड करताना निघणारा धूर आरोग्याला घातक असतो. दांड्याला माणगा बांबू सर्वोत्तम. त्याचा बुडखा जवळजवळ भरीव असतो, तो वजनाला हलका आणि हाताला गरम लागत नाही.

दंताळे कितीही चांगले घडवले, तरी गवताची जात ओळखल्याशिवाय ते चालवता येत नाही. हरळीला जमिनीवरचे कोंब आणि जमिनीखालची खोडे दोन्ही असतात, त्यामुळे वरचा भाग बराच ओरबाडला गेला तरी ती खालून फुटते. रोपवाटिकांत कोरियन म्हणून मिळणारे बारीक पानांचे झोयसिया सावकाश वाढते आणि सावकाशच सावरते. हेच गवत कापणीविना राहिले की स्वतःच उंचवटे तयार करते, म्हणजे त्याच्या बाबतीत उंचसखलपणा मातीत नसून खुद्द थरात असू शकतो. कोयत्याने कापलेला तुकडा पाहिला की हे लगेच कळते, आणि तसे असेल तर उंचवटा हलक्या हाताने अनेक फेऱ्यांत उतरवावा. माडाच्या सावलीत लावतात ते रुंद पानांचे कार्पेट गवत मुख्यतः वरच्या धावत्या कोंबांवर जगते. त्याच्यासाठी प्रत्येक गटातले एकाआड एक दात काढून ठेवावेत. कोणत्याही गवतातून एका वेळी थराच्या निम्म्याहून जास्त भाग काढू नये.

वेळ निवडताना गवत जोमाने वाढत आहे आणि माती ओलसर असूनही पायाखाली दबत नाही, या दोन्ही अटी जुळाव्यात. जून ते सप्टेंबर माती इतकी मऊ असते की टेकणच त्यात बुडते, शिवाय उतारावर उघडी पडलेली माती वाहून जाते. पाऊस सरल्यानंतरचा ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा पूर्वार्ध मला सर्वांत योग्य वाटतो. एप्रिल-मे महिन्यांत नियमित पाणी देण्याची सोय असेल तरच हात घालावा. आधी गवत नेहमीपेक्षा थोडे खाली कापून घ्यावे, म्हणजे टेकण पात्यांवर तरंगणार नाही. उतारावर दंताळे वरून खाली न ओढता उताराला आडवे ओढावे. पाण्याला धावायला तयार वाटा मिळत नाहीत.

नवे दंताळे सगळ्या हिरवळीवर फिरवण्याआधी त्याची परीक्षा घेण्याच्या दोन साध्या रीती आहेत. दातांच्या टोकांना ओला चुना लावून दंताळे उंचवट्यावर आणि मग खळग्यात नुसते टेकवावे, आणि मातीवर सोळाच्या सोळा ठिपके उमटतात का ते पाहावे. एखाद्या गटाचे ठिपके सतत फिके येत असतील, तर त्याची खीळ मध्यावर नाही किंवा घट्ट बसली आहे. दुसरी रीत जास्त उपयोगाची आहे. मीटरभर लांबीची एकच ओढ घ्यावी, निघालेला माल गोणपाटावर पसरावा, हिरवे जिवंत कोंब एका बाजूला आणि तपकिरी गुंता दुसऱ्या बाजूला करून दोन्हींचे वजन करावे. ओढताना दांड्याला हुकाचा वजनकाटा अडकवला तर जोरही मोजता येतो. हिरव्याचा वाटा वाढत असेल, तर दात खोल गेले आहेत किंवा झुकाव जास्त आहे. आधी टेकण खाली आणावे, मग कोन कमी करावा. तपकिरी थोडेच निघते आणि जोर मात्र भरपूर लागतो, असे झाले तर दात चोंदले आहेत. दोन्ही थोडे आणि जोरही थोडा, असे असेल तर टेकणच सगळा भार घेत आहे. उंचवट्यावरची आणि खळग्यातली ओढ यांत हिरव्या-तपकिरीचे प्रमाण जितके सारखे येईल, तितके दंताळे त्या जमिनीला साजेसे झाले.

दंताळे फिरून झाल्यावर हिरवळ काही दिवस विरळ आणि रोडावलेली दिसते. तेव्हाच खळग्यांत चाळलेले कंपोस्ट आणि बारीक माती यांचे मिश्रण पसरावे, एका वेळी पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जाड नको, म्हणजे पाती त्यातून वर येऊ शकतात. ही भर थरात मिसळून सूक्ष्मजीवांना काम देते आणि दर वर्षी खळगा थोडा थोडा भरून काढते. मिश्रणात वाळू घालायची असेल तर समुद्रकाठची घेऊ नये. तिच्यातल्या मिठाने विरळ झालेल्या गवताची उघडी मुळे करपतात.